वैद्यकीय व्यावसायिकांकडून आरोग्यविमा विक्री

वैद्यकीय व्यावसायिकांकडून आरोग्यविमा विक्री म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्वतः, कुटुंबीयांमार्फत किंवा आपल्या मालकीच्या संस्थेमार्फत आपल्याच रुग्णांना मोबदला घेऊन आरोग्यविम्याची पॉलिसी विकणे. या व्यवहारातून उद्भवणारा हितसंघर्ष हा वैद्यकीय नीतिशास्त्र आणि विमा कायदा यांच्या सीमेवरचा विषय आहे. डॉक्टरांचे कर्तव्य रुग्णाशी असते, विमा प्रतिनिधीचे कर्तव्य बऱ्याच अंशी विमा कंपनीशी असते आणि दलाली पॉलिसी विकली गेली तरच मिळते. एकाच व्यक्तीने या दोन्ही भूमिका घेतल्या की रुग्णाच्या आजाराची माहिती कोणासाठी वापरायची, हा प्रश्न उभा राहतो. भारतात डॉक्टरांनी विमा प्रतिनिधी होण्यास विमा कायद्याने मनाई केलेली नाही आणि खासगी डॉक्टरांच्या आचारसंहितेतही या विषयाचा थेट उल्लेख आढळत नाही.

स्वरूप

सर्वांत साधा प्रकार म्हणजे डॉक्टरांनी स्वतःच्या नावावर विमा कंपनीची एजन्सी घेणे. दुसऱ्या प्रकारात एजन्सी पती, पत्नी, मुलगा किंवा दवाखान्यातील कर्मचारी यांच्या नावावर असते. पॉलिसीची शिफारस तपासणीच्या खोलीत होते आणि अर्ज बाहेरच्या टेबलावर भरला जातो. कागदोपत्री डॉक्टरांचा विम्याशी संबंध दिसत नसल्याने हा प्रकार ओळखणे कठीण असते. तिसऱ्या प्रकारात रुग्णालय किंवा रुग्णालयांचा समूह स्वतःच विमा कंपनीत भागीदार अथवा मालक असतो. येथे विक्री करणारी व्यक्ती डॉक्टर नसली, तरी हप्ता घेणारी आणि उपचार देणारी संस्था एकच असते.

याच्याशी मिळतीजुळती, परंतु वेगळी असलेली आणखी एक भूमिका आहे. विमा कंपन्या पॉलिसी देण्यापूर्वी काही अर्जदारांची वैद्यकीय तपासणी करवून घेतात आणि त्यासाठी डॉक्टरांची नेमणूक करतात. अशा डॉक्टरांना तपासणीचे ठरावीक शुल्क मिळते. पॉलिसी मंजूर झाली किंवा नाकारली गेली तरी त्यात फरक पडत नाही. दलाली घेणाऱ्या डॉक्टरांची स्थिती याहून भिन्न असते.

पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्य नागरिकांसाठी वैयक्तिक आरोग्यविमा १९८६ मध्ये ‘मेडिक्लेम’ या नावाने सुरू झाला. भारतीय साधारण विमा निगम आणि त्याच्या चार उपकंपन्या तो विकत असत. १९९९ च्या कायद्याने विमा नियामक व विकास प्राधिकरण स्थापन झाले आणि खासगी कंपन्यांना हे क्षेत्र खुले झाले. पुढे २००६ मध्ये केवळ आरोग्यविमा विकणारी पहिली कंपनी सुरू झाली. विक्रीचा भार मुख्यतः दलालीवर काम करणाऱ्या प्रतिनिधींवर राहिला.

विमा प्रतिनिधी होण्यासाठी किमान दहावी उत्तीर्ण असणे, ठरलेले प्रशिक्षण घेणे आणि परीक्षा देणे पुरेसे असते. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ४२ मध्ये कोण अपात्र ठरतो हे सांगितले आहे. अज्ञान व्यक्ती, विकल मनाची व्यक्ती, फसवणूक किंवा विश्वासघात यांसाठी दोषी ठरलेली व्यक्ती अशी ती यादी आहे. त्यात व्यवसायावरून कोणाला वगळलेले नाही. शिक्षक, टपाल कर्मचाऱ्यांचे नातेवाईक, पतसंस्थांशी संबंधित माणसे यांच्याकडे ज्या कारणाने एजन्सी येते, त्याच कारणाने ती डॉक्टरांकडेही येते: लोकांचा त्यांच्यावर विश्वास असतो आणि रोजचा संपर्क असतो. फरक इतकाच की टपाल कर्मचाऱ्याच्या भावाला ग्राहकाच्या रक्तातील साखर ठाऊक नसते.

मोबदल्याचे गणित

२०१६ च्या विनियमांनुसार वैयक्तिक आरोग्यविम्यावरील दलाली हप्त्याच्या कमाल १५ टक्के होती. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या विनियमांनी अशी पॉलिसीनिहाय मर्यादा काढून टाकली आणि कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चालाच मर्यादा घातली. ती साधारण विमा कंपन्यांसाठी एकूण हप्ता-उत्पन्नाच्या ३० टक्के व केवळ आरोग्यविमा विकणाऱ्या कंपन्यांसाठी ३५ टक्के अशी आहे.

उदाहरणादाखल, एखाद्या कुटुंबाचा वार्षिक हप्ता २५,००० रुपये असेल, तर १५ टक्के दराने प्रतिनिधीला ३,७५० रुपये मिळतात. आरोग्यविमा दरवर्षी नूतनीकरण करावा लागतो आणि नूतनीकरणावरही दलाली मिळते. त्यामुळे विक्रीनंतरही प्रतिनिधीचा आर्थिक संबंध संपत नाही. जोवर रुग्ण हप्ता भरतो, तोवर तो टिकतो. गावातील डॉक्टरांच्या तपासणी शुल्काशी तुलना केली, तर एका पॉलिसीची दलाली अनेक तपासण्यांच्या शुल्काइतकी भरते.

हितसंघर्षाची ठिकाणे

प्रस्तावपत्र भरताना

आरोग्यविमा हा परमसद्भावाचा करार मानला जातो. अर्जदाराने आपल्या प्रकृतीविषयीची महत्त्वाची माहिती, विशेषतः मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, पूर्वीच्या शस्त्रक्रिया व चालू औषधे, प्रस्तावपत्रात खरी सांगणे बंधनकारक असते. माहिती सांगितली तर कंपनी हप्ता वाढवू शकते, आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ लावू शकते किंवा अर्ज नाकारू शकते. माहिती लपविली तर पॉलिसी सहज मिळते. दावा मात्र नाकारला जाण्याचा धोका राहतो.

सामान्य प्रतिनिधीला अर्जदार जे सांगेल तेच कळते. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना ते आधीपासून ठाऊक असते, कारण औषधाची चिठ्ठी त्यांनीच लिहिलेली असते. येथे तीन कर्तव्ये एकमेकांना छेद देतात. २०१६ च्या विनियमांतील आचारसंहितेनुसार विमा प्रतिनिधीने अर्जदाराविषयी आपल्याला माहीत असलेली प्रत्येक महत्त्वाची गोष्ट, त्याच्या घातक सवयींसह, गोपनीय अहवालाच्या स्वरूपात कंपनीला कळविणे आवश्यक आहे. उलट, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनुसार रुग्णाकडून उपचाराच्या ओघात कळलेली गुपिते उघड करणे हे, काही अपवाद वगळता, व्यावसायिक गैरवर्तन ठरते. याखेरीज अर्ज मंजूर व्हावा हा डॉक्टरांचा स्वतःचा हितसंबंध असतो.

समजा, एखाद्या रुग्णाला डॉक्टर सहा वर्षांपासून मधुमेहाच्या गोळ्या देत आहेत आणि तेच त्याच्या पॉलिसीचे प्रतिनिधी आहेत. प्रतिनिधी म्हणून गप्प बसले, तर ते कंपनीला फसवितात. रुग्णाच्या संमतीविना सांगितले, तर वैद्यकीय गोपनीयतेचा भंग होतो. रुग्णाची संमती घेऊन सर्व नोंदविणे हा एक सरळ मार्ग उरतो. परंतु त्या मार्गाने पॉलिसी महाग होण्याची अथवा न मिळण्याची, आणि पर्यायाने दलाली बुडण्याची, शक्यता सर्वाधिक असते. दलालीची रक्कम किती, या प्रश्नापेक्षा हा पेच अधिक मूलभूत आहे. दलालीचा दर कमी केल्याने तो सुटत नाही.

प्रस्तावपत्र बहुतेक वेळा प्रतिनिधी भरतो व अर्जदार सही करतो. ज्याची सही, त्याची माहितीविषयीची जबाबदारी, असाच पवित्रा दाव्याच्या वेळी कंपन्या घेतात. ‘डॉक्टरांनीच फॉर्म भरला, त्यांना सगळे माहीत होते’ हे रुग्णाचे म्हणणे स्वाभाविक असले, तरी ते सिद्ध करण्यासाठी त्याच्याजवळ सहसा काही कागद नसतो.

पॉलिसीची निवड

२०१६ च्या विनियमांनुसार वैयक्तिक प्रतिनिधीला एक आयुर्विमा कंपनी, एक साधारण विमा कंपनी आणि एक आरोग्यविमा कंपनी यांचेच काम करता येते. म्हणजे डॉक्टर-प्रतिनिधींजवळ रुग्णाला दाखविण्यासाठी फार तर दोन कंपन्यांच्या पॉलिसी असतात. रुग्ण मात्र तो सल्ला औषधाच्या सल्ल्याप्रमाणेच ऐकतो. ‘ही गोळी घ्या’ आणि ‘ही पॉलिसी घ्या’ ही दोन वाक्ये एकाच खुर्चीतून, एकाच स्वरात आली, की दुसऱ्या वाक्याला पहिल्याचे वजन मिळते. आजार नुकताच कळलेला, घाबरलेला रुग्ण विचारपूस करण्याच्या मनःस्थितीत नसतो. याशिवाय, नकार दिला तर डॉक्टर नाराज होतील ही भीती, विशेषतः जेथे गावात एकच डॉक्टर आहे तेथे, दुर्लक्षिण्यासारखी नाही.

जुनी पॉलिसी बदलून नवी घेण्याचा सल्ला हाही असाच नाजूक भाग आहे. आरोग्यविम्याची पॉलिसी एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याची सोय २०११ पासून उपलब्ध आहे. तीत पूर्ण झालेल्या प्रतीक्षाकाळाचे श्रेय मिळते, पण ते जुन्या विमारकमेपुरतेच. वाढीव रकमेसाठी प्रतीक्षाकाळ नव्याने मोजला जातो. विक्रीच्या वेळी हा तपशील राहून गेला, तर त्याची झळ रुग्णाला दोन-तीन वर्षांनी लागते.

उपचार व दाव्याच्या वेळी

बहुसंख्य पॉलिसींत, ठरावीक दिवसभराच्या प्रक्रिया वगळता, किमान २४ तास रुग्णालयात दाखल असल्याखेरीज खर्च मिळत नाही. डॉक्टरांचे स्वतःचे नर्सिंग होम असेल आणि रुग्णाची पॉलिसीही त्यांनीच विकलेली असेल, तर बाह्यरुग्ण विभागात बरा होण्यासारखा ताप दाखल करून घेण्याकडे कल होऊ शकतो. पॉलिसी अन्य कोणी विकलेली असली तरी हा मोह असतोच. विक्रेता तोच असला की रुग्णाची विमारकम किती आणि कोणत्या उपचाराला किती मर्यादा आहे, हे डॉक्टरांना आधीच तोंडपाठ असते.

दाव्याच्या छाननीत ‘आजार केव्हापासून आहे?’ हा प्रश्न निर्णायक असतो. त्याचे उत्तर केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला यांतून शोधले जाते. ‘दहा वर्षांपासून मधुमेह’ अशी डिस्चार्ज कार्डावरची एक ओळ दावा फेटाळण्यास पुरेशी ठरू शकते. पॉलिसी विकणाऱ्या डॉक्टरांनीच हा दाखला द्यायचा असेल, तर खरे लिहिल्यास त्यांनी प्रस्तावपत्राच्या वेळी पाळलेले मौन उघडे पडते. आजाराचा कालावधी कमी करून लिहिल्यास तो खोटा दाखला होतो. खोटा, दिशाभूल करणारा किंवा अयोग्य दाखला देणे हे २००२ च्या विनियमांनुसार गैरवर्तन असून त्यासाठी नोंदणी रद्द होऊ शकते. रुग्णावर उपकार म्हणूनही असे दाखले दिले जातात, हे सर्वश्रुत आहे. विक्रेत्या डॉक्टरांच्या बाबतीत उपकार आणि स्वार्थ यांची सीमारेषा पुसट होते.

विमा कंपन्यांना या धोक्याची एका मर्यादेपर्यंत जाणीव आहे. ‘वैद्यकीय व्यावसायिक’ या संज्ञेच्या व्याख्येत, उपचार करणारा डॉक्टर हा विमाधारक स्वतः किंवा त्याचा जवळचा नातेवाईक असू नये, अशी अट पॉलिसींमध्ये सर्रास असते. भाचीवर मामाने उपचार केले तर कंपनी हरकत घेऊ शकते. पॉलिसीच्या विक्रेत्याने उपचार केले, तर त्याविषयी त्या व्याख्येत काही नसते.

भारतातील नियम

वैद्यकीय आचारसंहिता

भारतीय वैद्यक परिषदेचे व्यावसायिक आचरण, शिष्टाचार व नीतिमत्ता विनियम, २००२ हे आधुनिक वैद्यकशास्त्राच्या नोंदणीकृत डॉक्टरांना लागू आहेत. परिषदेची जागा २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने घेतली. आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवे विनियम अधिसूचित केले. पण त्याच महिन्यात ते स्थगित केले, आणि २००२ चेच विनियम पुन्हा अमलात आले.

या विनियमांतील तीन तरतुदी प्रस्तुत विषयाशी निगडित आहेत. विनियम १.८ नुसार डॉक्टरांचा वैयक्तिक आर्थिक हितसंबंध रुग्णाच्या वैद्यकीय हिताच्या आड येता कामा नये. विनियम ६.३ अन्य डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधे तसेच वैद्यकीय उपकरणे विकण्यासाठी दुकान चालविण्यास मनाई करतो. विनियम ६.४ कमिशनविषयी आहे: रुग्णाला वैद्यकीय, शस्त्रक्रियात्मक किंवा अन्य उपचारांसाठी पाठविणे, शिफारस करणे किंवा मिळवून देणे यांच्या मोबदल्यात कोणतीही भेट, दलाली अथवा बोनस देता वा घेता येत नाही. डिसेंबर २००९ मध्ये ६.८ हा विनियम जोडून औषध कंपन्या व संलग्न आरोग्य उद्योगांकडून भेटवस्तू, प्रवासखर्च व रोख रक्कम घेण्यावरही बंधन आले.

मनाईचा रोख उपचार, औषधे व उपकरणे यांवर आहे. विमा पॉलिसी यांपैकी काहीच नाही. तो आर्थिक करार आहे. त्यामुळे विमा दलाली ६.४ मध्ये बसविणे शब्दशः कठीण जाते आणि तक्रारदाराला १.८ च्या सर्वसाधारण तत्त्वाचा आधार घ्यावा लागतो. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेतही औषधे व तपासण्या कोठून घ्याव्यात हे निवडण्याचा हक्क नमूद आहे. विम्याचा विचार तेथे या दृष्टीने केलेला नाही.

विमा कायदा

विमा अधिनियमाचे कलम ४० नुसार दलाली केवळ विमा प्रतिनिधी किंवा मध्यस्थ यांनाच देता येते. म्हणून एजन्सी नसलेल्या डॉक्टरांना ‘रुग्ण पाठविल्याबद्दल’ प्रतिनिधीने वाटा देणे या कलमाच्या उद्देशाविरुद्ध जाते. कलम ४१ पॉलिसी घेण्यासाठी प्रलोभन म्हणून दलालीतील किंवा हप्त्यातील सूट देण्यास मनाई करते; भंगासाठी दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पॉलिसी घेणाऱ्यास तपासणी शुल्कात दिलेली सवलत या मनाईत येते का, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो.

दलालीचे दर प्रतिनिधीने ग्राहकाला सांगावेत अशी तरतूद आचारसंहितेत आहे, पण ग्राहकाने विचारल्यास. आपल्या डॉक्टरांना ‘यात तुम्हाला किती मिळतात?’ असे विचारणारा रुग्ण विरळा.

शासकीय डॉक्टर

सरकारी सेवेतील डॉक्टरांसाठी नियम अधिक स्पष्ट आहे. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम १५ कर्मचाऱ्यास खासगी व्यापारधंदा करण्यास मनाई करतो, आणि कुटुंबीयांच्या मालकीच्या विमा एजन्सीसाठी प्रचार करणे हाही नियमभंग मानतो. महाराष्ट्रात शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असून त्यांतही खासगी व्यापार व नोकरीवर निर्बंध आहेत. ‘पत्नीच्या नावावर एजन्सी’ ही पळवाट केंद्रीय नियम करणाऱ्यांनी ओळखली होती. मात्र त्यांच्या डोळ्यांसमोर कार्यालयीन शिस्त होती, रुग्णाचे हित नव्हे.

न्यायालयीन निर्णय

डॉक्टर-प्रतिनिधीच्या भूमिकेशी थेट निगडित नसले, तरी माहिती लपविण्याच्या परिणामांविषयीचे सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय येथे महत्त्वाचे आहेत. सतवंत कौर संधू विरुद्ध न्यू इंडिया ॲश्युरन्स कंपनी (२००९) या प्रकरणात मेडिक्लेम पॉलिसी घेताना जुना मधुमेह व मूत्रपिंडाचा विकार सांगितला गेला नव्हता. ही माहिती महत्त्वाची होती आणि ती दडविल्यामुळे दावा नाकारणे योग्य होते, असे न्यायालयाने ठरविले. मनमोहन नंदा विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स कंपनी (२०२१) या प्रकरणात अर्जदाराने मधुमेह असल्याचे सांगितले होते. प्रकृतीची माहिती मिळाल्यावर जोखीम तपासून कंपनीने पॉलिसी दिली असेल, तर तोच आजार पुढे करून दावा फेटाळता येणार नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला.

हे दोन्ही निर्णय एकत्र वाचले, की प्रस्तावपत्रावरील एका ओळीचे मोल कळते. ती ओळ लिहिली जाते की नाही, हे विक्रीच्या वेळी ठरते.

२०२४ च्या नियमांनी विमाधारकाची बाजू काहीशी भक्कम केली. १ एप्रिल २०२४ पासून आधीच्या आजारांचा कमाल प्रतीक्षाकाळ ४८ महिन्यांवरून ३६ महिन्यांवर आला. सलग ६० महिने हप्ते भरल्यानंतर, फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आजार माहीत असताना तो प्रस्तावपत्रात आला नाही, तर तो विसर म्हणायचा की फसवणूक, आणि असल्यास कोणाची, हा प्रश्न या तरतुदीतही शिल्लक राहतो.

रुग्णालयांच्या मालकीचा विमा

भारतात रुग्णालय समूहांनी विमा व्यवसायात भाग घेतल्याची उदाहरणे आहेत. अपोलो रुग्णालय समूहाने परदेशी भागीदारासह २००७ मध्ये आरोग्यविमा कंपनी सुरू केली. २०२० मध्ये समूहाचा हिस्सा एचडीएफसीने विकत घेतला. बंगळूरच्या नारायणा हेल्थ या समूहाच्या कंपनीने २०२४ मध्ये आपली पहिली विमा योजना बाजारात आणली.

येथे हितसंघर्षाची दिशा उलटते. दलाली घेणाऱ्या डॉक्टरांचा फायदा जास्त विक्रीत, आणि नर्सिंग होम असल्यास जास्त उपचारांत असतो. विम्याची जोखीम स्वतः उचलणाऱ्या रुग्णालयाला मात्र प्रत्येक उपचार हा खर्च असतो. समर्थकांच्या मते यामुळे अनावश्यक शस्त्रक्रिया व तपासण्या थांबतात आणि हप्ता कमी ठेवता येतो. आवश्यक उपचारही लांबणीवर पडू शकतात, असा आक्षेप आहे. तो केवळ कल्पनेतला नसल्याचे अमेरिकेतील अनुभव दर्शवितो.

अमेरिकेतील अनुभव

डॅलस येथील बेलर विद्यापीठाच्या रुग्णालयाने १९२९ मध्ये शाळाशिक्षकांसाठी एक योजना काढली. दरमहा ५० सेंट भरणाऱ्या शिक्षकाला वर्षात २१ दिवसांपर्यंत रुग्णालयातील उपचार मिळत. पुढे ‘ब्लू क्रॉस’ नावाने पसरलेल्या योजनांचे मूळ येथे मानले जाते. डॉक्टरांच्या शुल्कासाठी ‘ब्लू शील्ड’ योजना निघाल्या. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील योजना १९३९ मध्ये तेथील डॉक्टरांच्या संघटनेनेच उभी केली. अशा योजनांच्या संचालक मंडळांवर दीर्घकाळ डॉक्टरांचे वर्चस्व होते. विमा संस्थेने डॉक्टरांना किती पैसे द्यावेत हे डॉक्टरांनीच ठरवावे का, हा प्रश्न १९७० च्या दशकात तेथील फेडरल ट्रेड कमिशनपुढे आला.

१९८२ मध्ये ॲरिझोना विरुद्ध मॅरिकोपा काउंटी मेडिकल सोसायटी या खटल्यात, डॉक्टरांच्या संस्थांनी विमा योजनांसाठी आपापसांत ठरविलेले कमाल शुल्कदर स्पर्धाविरोधी व बेकायदेशीर असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ठरविले.

या सर्वांत वेगळा अनुभव सिडनी गारफील्ड या डॉक्टरांचा. १९३३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात कालव्याच्या कामावरील मजुरांसाठी त्यांनी छोटे रुग्णालय उघडले. केलेल्या उपचारांचे पैसे विमा कंपन्यांकडून मिळविताना ते डबघाईला आले. तेव्हा प्रत्येक मजुरामागे दिवसाला पाच सेंट आगाऊ घेऊन त्यांनी उपचारांची हमी दिली. आता जखमी मजूर म्हणजे उत्पन्न न राहता खर्च झाला, आणि गारफील्ड कामाच्या जागी फिरून वर आलेले खिळे ठोकून घेऊ लागले, अशी आठवण सांगितली जाते. ‘कैसर परमनन्टे’ या मोठ्या आरोग्यसंस्थेचा उगम या प्रयोगात आहे. डॉक्टरांच्या आर्थिक हितसंबंधातून रुग्णाचेही भले होऊ शकते, याचा दाखला म्हणून हे उदाहरण दिले जाते.

पेग्राम विरुद्ध हेर्ड्रिच या खटल्याने त्याच व्यवस्थेची दुसरी बाजू दाखविली. इलिनॉय राज्यातील एका आरोग्यविमा संस्थेचे मालक तिच्यात उपचार करणारे डॉक्टरच होते. पोटदुखीने आलेल्या एका महिलेच्या पोटात सहा बाय आठ सेंटिमीटरची दाहयुक्त गाठ आढळली. जवळच्या रुग्णालयात तत्काळ सोनोग्राफी करवून घेण्याऐवजी, ५० मैलांहून दूर असलेल्या संस्थेच्याच केंद्रात ती आठ दिवसांनी करण्याचे डॉक्टरांनी ठरविले. दरम्यान रुग्णाचे अपेंडिक्स फुटले. वैद्यकीय निष्काळजीपणाबद्दल तिला ३५,००० डॉलरची भरपाई मिळाली. वर्षअखेरीस वाचलेला पैसा मालक डॉक्टरांना मिळण्याची पद्धत हा कायद्याने विश्वस्तधर्माचा भंग आहे, हा तिचा दावा मात्र २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला. उपचारांवर मर्यादा घालण्याचा डॉक्टरांच्या मोबदल्याशी काही ना काही संबंध असल्याशिवाय अशी कोणतीही संस्था चालूच शकत नाही, आणि ही व्यवस्था मान्य करायची की नाही हे विधिमंडळाने ठरवायचे आहे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

महाराष्ट्रातील ‘कट प्रॅक्टिस’शी नाते

रुग्ण पाठविल्याबद्दल डॉक्टरांनी रुग्णालये व तपासणी केंद्रांकडून वाटा घेण्याच्या प्रथेला महाराष्ट्रात ‘कट प्रॅक्टिस’ म्हणतात. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांना एका तपासणी केंद्राने १,२०० रुपयांचा धनादेश पाठविला असता, २०१३ मध्ये त्यांनी त्याविरुद्ध वैद्यक परिषदेकडे तक्रार केली. राज्य शासनाने २०१७ मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि कट प्रॅक्टिस प्रतिबंधक कायद्याचा मसुदा तयार झाला. त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही.

विम्याची दलाली आणि कट यांत एक मोठा भेद आहे. कट लपूनछपून दिला जातो. दलाली कायदेशीर असते, बँकेत जमा होते आणि तिच्यातून प्राप्तिकर कापला जातो. रुग्णाच्या दृष्टीने पाहिले तर हा भेद तितका मोठा राहत नाही, कारण दोन्हींत सल्ल्यामागचा पैसा त्याला दिसत नाही.

समर्थन आणि सुचविलेले उपाय

डॉक्टरांनी विमा विकण्याच्या बाजूने काही मुद्दे मांडले जातात. विम्याविषयीचे अज्ञान व अविश्वास मोठा असताना डॉक्टरांच्या सांगण्यावरून अनेक कुटुंबे विमा घेतील आणि आजारपणात कर्जबाजारी होण्यापासून वाचतील. पॉलिसीतील वैद्यकीय अटी डॉक्टरांइतक्या नीट समजावून सांगणारा प्रतिनिधी मिळणे कठीण असते. यांतील पहिला मुद्दा वजनदार आहे. परंतु तो डॉक्टरांनी विम्याची शिफारस करावी हे सिद्ध करतो, दलाली घ्यावी हे नव्हे.

उपायांमध्ये, स्वतःच्या रुग्णांना पॉलिसी विकू नये, इतरांना विकण्यास हरकत नाही, हा दंडक सर्वांत सोपा आहे. तो मान्य नसेल तर दलालीची माहिती न विचारता लेखी द्यावी, प्रस्तावपत्रासोबत रुग्णाच्या संमतीने केसपेपरची प्रत जोडावी आणि दाव्याच्या वेळी आजाराच्या कालावधीचा दाखला दुसऱ्या डॉक्टरांकडून घ्यावा, अशा तडजोडी सुचविता येतात. केवळ हितसंबंध जाहीर करण्याच्या उपायावर आक्षेप असा, की आजारी माणसाला तो कळला तरी त्याला डॉक्टर बदलणे सहसा शक्य नसते.

तक्रारीचे मार्ग

डॉक्टरांच्या वर्तनाविषयीची तक्रार राज्य वैद्यक परिषदेकडे, म्हणजे महाराष्ट्रात महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे करावी लागते. विमा कंपनी वा प्रतिनिधीविषयीची तक्रार प्रथम कंपनीकडे द्यायची असते. कंपनीने ती फेटाळली किंवा महिनाभरात उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत दाद मागता येते. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालये मुंबई, पुणे व ठाणे येथे आहेत. त्यांच्यापुढे शुल्क लागत नाही आणि ५० लाख रुपयांपर्यंतच्या भरपाईचे दावे चालतात. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. विमा ही ‘सेवा’ असल्याचे ग्राहक संरक्षण कायद्यातच नमूद आहे आणि सशुल्क वैद्यकीय सेवाही त्या कक्षेत येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरविले आहे.

नवी पॉलिसी हाती आल्यावर ती वाचून परत करण्यासाठी २०२४ पासून ३० दिवसांची मुदत मिळते. पॉलिसीसोबत प्रस्तावपत्राची प्रतही मिळत असल्याने, त्यात कोणते आजार लिहिले गेले आणि कोणते राहिले, हे विमाधारकाला याच काळात तपासता येते.